गाडी नसलेल्याचा डॅशकॅम

"गाडी कुठली तुमची?" थाकबाईंनी विचारलं.

"गाडी नाही."

"नाही म्हणजे? लांब लावलीय का?"

"नाही म्हणजे नाहीच. कधी नव्हती."

थाकबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. वायपर, सीटची कव्हरं आणि आरशाला टांगायच्या वासाच्या बाटल्या यांनी खचाखच भरलेल्या त्या दुकानात आजवर नाना तऱ्हेची माणसं आली होती. गाडी नसताना डॅशकॅम मागणारा हा पहिलाच.

"अहो काका, मग कॅमेरा लावणार कुठे? कपाळावर?"

"चौकीच्या खिडकीत," योम दोक-बे म्हणाला. "मी वॉचमन आहे. लोकांच्या गाड्या ढकलतो."

थाकबाई हसायच्या थांबल्या. त्या कोरियातल्या या अनयांग शहरातच वाढलेल्या. पुढचं सांगावं लागलं नाही.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. दोक-बेची वसाहत टेकडीच्या उतारावर आहे. बांधली तेव्हा घरटी एक गाडीसुद्धा नव्हती, आता घरटी दोन आहेत आणि जागा तेवढीच. उशिरा येणारा आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवी लावतो, न्यूट्रलमध्ये ठेवतो, हँडब्रेक सोडतो आणि वर जाऊन खुशाल झोपतो. सकाळी ज्याला बाहेर पडायचंय त्यानं ती ढकलून वाट करायची. ही तिथली रीत. पण कोट-बूट घातलेला माणूस सकाळी सकाळी गाडी ढकलेल होय? तो चौकीच्या काचेवर टकटक करतो. सदुसष्ट वर्षांचा दोक-बे बाहेर येतो, चाकाखालचा लाकडी ठोकळा काढतो, खांदा लावतो, गाडी हातभर सरकवतो, ठोकळा परत चाकाखाली सारतो आणि कमरेत वाकून साहेबांना वाट करून देतो. साहेब काच खाली करत नाहीत. थंडी असते ना.

आणि गाडीला ओरखडा निघाला, की तो वॉचमननंच काढलेला असतो. ओरखड्याला तोंड नसतं आणि वॉचमनला असलं तरी चालत नाही. त्याचा करार तीन-तीन महिन्यांचा. बोलणाऱ्याचा करार चौथ्या महिन्यात जात नाही.

म्हणून दोक-बेनं वसंतात भाच्याचा जुना डॅशकॅम आणून चौकीच्या खिडकीत बसवला होता. कार्ड त्यातच होतं, फुकटात आलेलं. तो चालू झाला की आतून एक बाई ठसक्यात सांगायची, "रेकॉर्डिंग सुरू झालं आहे." दोक-बेला ती आवडायची. दिवसभरात त्याच्याशी अदबीनं बोलणारी तेवढी एकच. पण एकशेतीन नंबरच्या इमारतीच्या प्रतिनिधी प्यो हे-रान, ज्यांना सगळी वसाहत अध्यक्षबाई म्हणते, त्यांना ती खपली नाही. "काका, चौकीतून बाईचा आवाज येतो. बरं दिसतं का ते? बंद करा." त्यानं बंद केला.

सप्टेंबरात एका गाडीचा आरसा मोडला. बोट अर्थातच दोक-बेकडे. त्या वेळी मात्र तो छाती काढून ऑफिसात गेला. "माझा कॅमेरा आहे. बघा तुम्हीच." मॅनेजरनं कार्ड संगणकात घातलं. त्यात काय निघालं? भाच्याचा गेल्या वर्षीचा हमरस्ता. मागे भाच्याचं बेसूर गाणं. त्यानंतर काहीही नाही. कार्ड कधीच मेलं होतं. आतली बाई महिनोन्महिने 'कार्ड तपासा, कार्ड तपासा' म्हणत असणार, पण तिचं तोंड बांधलेलं.

"बरं मेलं नेमकं तुमचं कार्ड," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि ऑफिस हसलं. आरसा दोक-बेच्या पगारातून आला. त्याहून वाईट म्हणजे अध्यक्षबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आणखी एक तक्रार आली, तर पुढचा करार विसरा."

आता कळलं, बिनगाडीचा माणूस थाकबाईंच्या दुकानात का उभा होता?

"कॅमेरा म्हणजे डोळा," थाकबाई म्हणाल्या, "आणि कार्ड म्हणजे डोकं. लोक डोळ्यावर पैसे उधळतात आणि डोकं फुकट मागतात. मग रडत येतात. कॅमेरा मी तुम्हाला मधला देते. अंधारात नंबरप्लेट वाचता येते, बास झालं. भिंतीच्या विजेवर चालवायचा, त्यामुळे बॅटरीची भानगड नाही. पैसे घालायचे ते कार्डात."

"कार्ड कार्डच ना?"

"नाही हो! फोनमधलं कार्ड दिवसाला चार फोटो ठेवतं नि झोपतं. हे रात्रंदिवस लिहितं. भरलं की पहिल्यापासून पुसतं, परत लिहितं. पाटीवर एकाच जागी वर्षभर गिरवा, भोक पडेल. तसं. म्हणून हे घ्यायचं, डॅशकॅमसाठीच केलेलं. आणि मोठं घ्या. मोठ्या पाटीवर एका जागी पुन्हा यायला उशीर लागतो."

"बाजारात याच्या निम्म्यानं मिळतं."

"मिळतं की. वरून हत्ती, आतून उंदीर. लिहिलेलं असतं भलतंच मोठं, आणि जरा भरलं की पुढचं सगळं हवेत. थांबा, मी तुमच्यासमोर भरून दाखवते."

त्यांनी कार्ड संगणकाला लावलं, काठोकाठ भरलं, आणि भरलेलं सगळं परत वाचून घेतलं. तोवर दोक-बे स्टुलावर बसून सातूचा चहा पीत राहिला. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकायची, थांबायची. थांबली की त्याचाही श्वास थांबायचा.

"हे मरणार नाही ना?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"सगळंच मरतं, काका. पण हे ऊन, थंडी, पाणी सगळं सोसतं. महिन्यातून दोनदा कॅमेऱ्यातूनच साफ करा, म्हणजे गाळ साचत नाही. एक सांगते. यावर जे लिहिलं गेलं ते हे विसरत नाही."

"तेच पाहिजे," दोक-बे म्हणाला.

हेच त्याचं चुकलं, असं त्याची बायको पुढे म्हणाली. तिचं सोडा. ती काय, लग्न झाल्यापासून तेच म्हणत आलीय.

*

नवा कॅमेरा लागला त्याच दिवशी अध्यक्षबाई चौकीपाशी आल्या.

"हा बोलतो का?"

"आवाज बंद केलाय, मॅडम."

"आणि ऐकतो का?"

दोक-बेनं मान डोलावली.

"अंगणात आम्ही काय बोलतो ते टिपून ठेवायचा तुम्हाला अधिकार नाही. तेही बंद करा. माझ्यासमोर करा."

त्यानं त्यांच्यासमोर केलं. कॅमेरा मुका होता, आता बहिराही झाला. उरला नुसता डोळा आणि काचेच्या कोपऱ्यातला तांबडा ठिपका. ठिपका जळतोय म्हणजे लिहिणं चाललंय. दोक-बेला त्या ठिपक्याचं वेडच लागलं. कचरा वेगळा करताना तो मान वळवून बघायचा. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी बघायचा. लघवीला गेला तर धावत परत यायचा. रस्त्यात कुणाच्या गाडीचा मागचा दिवा दिसला तरी त्याच्या छातीत धस्स व्हायचं.

त्याचा जोडीदार मा छिल-सोंग. एक दिवस हा, एक दिवस तो, सकाळी अदलाबदल. माचं तळलेल्या कोंबडीचं दुकान बुडालं होतं आणि त्यानंतर त्याला एवढी एकच नोकरी मिळाली होती. तो चेष्टा करायचा, "दादा, एवढं वहिनीकडे बघितलं असतं तर तिनं तुम्हाला रोज मटण खाऊ घातलं असतं."

"बघू दे. आणि तू हात लावायचा नाहीस याला. बटण चुकून दाबलंस तर पुसून जाईल."

"नाही लावत बाबा. तुमचं सोवळं तुमच्यापाशी." असं म्हणून मा उकडलेलं रताळं अर्धं मोडून त्याच्या हातात द्यायचा.

*

नोव्हेंबर आला. वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस. मिठात मुरवलेल्या कोबीची खोकी चौकीपुढे ढिगानं यायला लागली, आणि ती वर नेऊन द्यायचं काम कुणाचं हे विचारू नका.

त्या दिवशी दोक-बे पाळी संपवून घरी गेला, जेवला, जरा आडवा झाला, आणि फोन वाजला. मा होता. आवाज घाबरा.

"दादा, घोळ झालाय. ती पांढरी छोटी गाडी घसरली उतारावरून. गेली ती थेट अध्यक्षबाईंच्या काळ्या गाडीवर. दार आत गेलंय."

"कुणाला लागलं?"

"माणूस नाही, गाडीच. पण बाई म्हणते मी ठोकळा काढला आणि चौकी सोडून फिरत बसलो. दादा, मी मागे पानं झाडत होतो, तिनंच पाठवलेलं! ठोकळ्याला मी शिवलोसुद्धा नाही. मी आलो तेव्हापासून तो चौकीच्या खिडकीतच होता."

दोक-बे उठून बसला.

"कुठे होता?"

"खिडकीत. मला वाटलं जास्तीचा असेल. दादा, ऐकताय ना? उद्या सकाळी ऑफिसात बोलावलंय. पण मला फिकीर नाही. मी बाईला तोंडावर सांगितलं, कॅमेरा आहे, दादांचा. या खेपेला कार्ड झकास आहे. बघू म्हटलं कोण खरं ते. ती म्हणाली, बघूच."

"तू... तू बघितलंस का त्यात?"

"हात लावायचा नाही म्हणालात ना तुम्ही? ठिपका जळतोय बघा, चांगला जळतोय."

फोन ठेवला आणि दोक-बेला सकाळ आठवली. सगळी, एका झटक्यात. पाळी संपत आलेली. मागच्या राखाडी गाडीला बाहेर पडायचं होतं. त्यानं ठोकळा काढला, पांढरी गाडी सरकवली, राखाडी गेली. तो ठोकळा घेऊन चाकाशी वाकला. तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक आली.

"काका! माझी कोबी आलीय ना? खोकं गळतंय म्हणे! आत्ता आणा वर, आत्ता!"

तो 'आलो मॅडम' म्हणाला. वाकला. ठोकळा हातातच होता, तो खिडकीत ठेवला. दोन खोकी वर नेली, खारं पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं, खाली आला तो मा येऊन बसलेला. "या दादा, सुटलात." बस पकडायची होती. तो सुटला.

रात्री तो ताटावर बसला, पण घास उचलला नाही.

बायकोनं, ओक-बुननं, त्याच्या ताटातलं न खाल्लेलं बघितलं आणि सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. लसूण सोलता सोलता ऐकलं. मग म्हणाली, "कार्ड मेलं म्हणून सांगा."

"काय?"

"कार्ड मेलं. मागे खरंच मेलं होतं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. आता खोटं सांगा, सगळे ठेवतील."

"आणि छिल-सोंग?"

"त्याचं तो बघेल. तो तुमच्याहून तरणा आहे."

"तरणा? त्रेसष्टचा आहे तो."

"मग तुमच्याहून तरणाच ना?" ओक-बुननं सुरी ठेवली. "हे बघा, मी काही दगड नाही. त्याची रताळी मीही खाल्लीत. पण या वयात तुम्हाला दुसरी चौकी कोण देणार आहे? घरी बसून माझं डोकं खाणार, दुसरं काय?"

दोक-बे रात्रभर कूस बदलत राहिला. थाकबाईंची हिरवी पट्टी त्याच्या डोळ्यांपुढून सरकत होती. हे विसरत नाही, काका. गेले कित्येक आठवडे तो देवाकडे एकच मागणं मागत होता, की कार्ड जगू दे. आता तोच दोक-बे मनातल्या मनात म्हणत होता, मर. एवढी एक वेळ मर. उन्हानं मर, धुळीनं मर, कसंही मर!

*

सकाळी तो वेळेआधी चौकीवर पोचला. ठिपका जळत होता.

मा रात्रभर जागा दिसत होता, पण तोंडावर हसू. "घ्या, काढा तुमचा साक्षीदार," म्हणाला आणि चहा करायला मागे गेला.

दोक-बेनं कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर कालची सकाळ उघडली. दोनदा भलतीच सकाळ उघडली. मग सापडली. स्वच्छ, लख्ख. तो स्वतःच होता तिथं, निळ्या कोटातला म्हातारा. ठोकळा काढतो, ढकलतो, वाकतो, वर बघतो, ठोकळा ठेवतो, जातो. चाक रिकामं. एकदाही चित्र अडकलं नाही. पैसे वसूल.

त्यानं कार्ड काढलं. नखाएवढं. अंगठा आणि बोट यांच्यात धरून जरा वाकवलं तर? कुणाला काय कळणार? घाईत मोडलं, म्हातारा माणूस, हात कापतात. त्यानं जोर दिला. कार्ड थोडंसं वाकलं. तेवढं पुरे नव्हतं, आणि त्याहून जास्त त्याच्यानं होईना.

"दादा, साखर घालू का?" मागून मानं विचारलं. "आज गोड पिऊया. आज माझा निकाल!"

दोक-बेनं बोटं सैल केली.

*

ऑफिसात चौघं. मॅनेजर, त्याचं वय दोक-बेच्या मुलाएवढं. अध्यक्षबाई, हातात गाडीच्या फोटोंचा फोन. मा, टोपी काढून उभा. आणि दोक-बे, मुठीत कार्ड.

"आहे का काही, की या खेपेलाही मेलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

हीच ती पळवाट. 'मेलं' एवढं म्हणायचं, एका शब्दाचं काम होतं. मॅनेजरनं तर उत्तर धरूनच चालल्यासारखं कागद पुढे ओढला होता, माच्या नावाचा. दोक-बेनं छिल-सोंगकडे पाहिलं. मानं त्याला डोळा मारला. बिनधास्त, पोरासारखा. तो डोळा मारला नसता तर कदाचित ही गोष्ट वेगळी झाली असती. माणूस तत्त्वाबित्त्वानं खरं बोलतो असं मला वाटत नाही. समोरचा आपल्यावर विसंबलाय हे बघवत नाही, म्हणून बोलतो.

"मेलेलं नाही," दोक-बे म्हणाला. "पण लावण्याआधी सांगतो. ठोकळा मी काढला होता. छिल-सोंगनं नाही. मी."

माचं हसू जागच्या जागी थिजलं.

"काय?" अध्यक्षबाई उठल्याच. "तुम्ही? आणि काल दिवसभर हा माणूस माझ्याशी वाद घालतोय! बघा मॅनेजर, बघा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. स्वतःच कॅमेरा लावायचा आणि स्वतःच सापडायचं!"

"लावा तर आधी," मॅनेजर पुटपुटला आणि कार्ड आत सारलं.

पडद्यावर सकाळ उजाडली. आवाज नाही. वाऱ्यानं पिवळी पानं जमिनीवर धावत होती. निळ्या कोटातला म्हातारा आला, ठोकळा काढला, गाडी ढकलली. राखाडी गाडी गेली. म्हातारा ठोकळा घेऊन चाकाशी वाकला, ठोकळा चाकापासून वीतभर राहिला, आणि त्याची मान झटक्यात वर झाली.

तो उभा राहिला. वर बघत कमरेत वाकला. पुन्हा वर बघितलं. पुन्हा वाकला, पहिल्यापेक्षा खोल. ठोकळा खिडकीत ठेवला आणि जवळजवळ पळत खोक्यांकडे गेला.

"थांबवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "झालं ना. दिसलं ना सगळं."

मॅनेजरनं थांबवलं नाही. तो पडद्याकडे वाकून बघत होता. "योमकाका, हे वाकताय कुणाला?"

दोक-बेच्या जिभेवर नाव होतं, पण वर्षानुवर्षांची सवय ते बाहेर येऊ देईना.

"कुणाला म्हणजे काय?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "मला काय माहीत? आवाज कुठाय यात?"

"आवाज तुम्हीच बंद करायला लावला, मॅडम," मा म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय का कुणी?"

"नाही विचारलं. पण मी बोलतो." दोक-बेकडे मा बघतही नव्हता. "मॅनेजर साहेब, माणूस कबुतरांना नमस्कार करत नाही. आम्ही वॉचमन लोक दिवसभर वाकतो, आम्हाला माप कळतं. दहाव्या मजल्याला वाकायचं तर आधी टोपी पडेस्तोवर मान मागे टाकावी लागते. पहिल्या मजल्याला नुसते डोळे वर केले तरी भागतं. ही मान बघा. हा तिसरा मजला आहे. आणि दोनदा वाकलेत. दोनदा आम्ही एकाच गॅलरीला वाकतो."

पडद्यावरचा म्हातारा दोन खोकी पोटाशी धरून तिसऱ्या मजल्याच्या जिन्याकडे निघाला होता. खोक्यावरचं नाव कॅमेऱ्याच्या अगदी पुढून गेलं. थाकबाई म्हणाल्याच होत्या, अंधारात नंबरप्लेट वाचता येते. हा तर दिवस होता.

मॅनेजरनं नाव वाचलं. मोठ्यानं नाही, पण ओठ हलले.

अध्यक्षबाईंचा चेहरा लाल झाला. "बरं! बोलावलं असेल मी! कोबी आणा म्हटलं. हातातलं काम टाका असं म्हटलं का? ठोकळा लावू नका असं म्हटलं का?"

"नाही म्हटलं," दोक-बे म्हणाला. इतक्या वेळानं त्याचा आवाज निघाला आणि त्याचा त्यालाच परका वाटला. "आत्ता म्हणालात. गेल्या थंडीत तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी 'एक मिनिटात येतो' म्हणालो होतो. त्याची तक्रार आली, वॉचमन उलटून बोलतो. तेव्हापासून मला एक मिनिट असत नाही, मॅडम. ठोकळा विसरलो मी. ती चूक माझी. पण ते एक मिनिट तुम्ही घेतलंत."

पडद्यावर मा येऊन बसला होता, मग झाडू घेऊन मागे गेला होता. अंगण रिकामं होतं. वाऱ्याचा एक मोठा झोत आला, पानं उसळली, आणि पांढरी गाडी, ज्याला जायचं नाही पण जावं लागतं अशा माणसासारखी, हळूच निघाली. कुणी थांबवा म्हणालं नाही. चौघांनी ती काळ्या गाडीवर जाऊन टेकेपर्यंत बघितली. टेकताना सुद्धा आवाज झाला नाही.

तुम्हाला वाटेल, आता बाईंनी मान खाली घातली असेल. तुम्ही कधी वॉचमन नव्हता, म्हणून वाटतं. बाईंनी पर्स उचलली. "मॅनेजर, वॉचमननं स्वतः कबूल केलंय. काय करायचं ते नियमानं करा." आणि मॅनेजरनं, जो क्षणभरापूर्वी माणूस झाला होता, तो माच्या नावाचा कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला. करार महिनाअखेरीपर्यंत. पुढे नाही. माला काही नाही, त्यानं कामावर जावं.

"आणि ते कार्ड इथं ठेवा," बाई दारातून म्हणाल्या. "वसाहतीचं चित्रण आहे ते."

"ते माझं आहे," दोक-बे म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं ते संगणकातून उपसलं आणि आतल्या खिशात टाकलं. "माझ्या पगाराचं आहे. त्या आरशाचे पैसे घेतलेत तेवढे पुरे."

*

बाहेर वारा तसाच होता. दोघं चौकीपर्यंत चालले. मा दोन पावलं पुढे.

"काल फोनवर कळलं होतं तुम्हाला," मा पाठ न वळवता म्हणाला.

"हो."

"रात्रभर माहीत होतं. सकाळी चहा पिताना माहीत होतं."

"हो."

"मी गोड चहा केला, दादा."

"केलास."

मा थांबला. बराच वेळ त्यानं टोपी हातात फिरवली. "मोडलं का नाही मग?" त्यानं विचारलं. "मी मोडलं असतं. शपथ सांगतो, मी असतो तर मोडलं असतं."

"वाकवून बघितलं," दोक-बे म्हणाला. "महाग घेतलेलं."

माच्या तोंडून हसू फुटलं की शिवी, ते वाऱ्यात कळलं नाही. तो घरी जायला निघाला. त्याची पाळी संपली होती. दोक-बेची सुरू झाली होती.

एकशेतीन नंबरपुढे पुन्हा एक गाडी आडवी लावलेली होती, न्यूट्रलमध्ये. मागच्या गाडीवाला घड्याळ बघत उभा. दोक-बेनं ठोकळा काढला, खांदा लावला, गाडी हातभर सरकवली. मागचा गेला. काच वरच होती.

तो ठोकळा घेऊन चाकाशी वाकला, आणि वरून हाक आली.

"काका! ओ काका! इकडे बघा!"

त्याची मान सवयीनं निघाली होती. अर्ध्यात आली आणि त्यानं ती तिथंच धरली. महिना अजून संपायचा होता आणि महिना संपेपर्यंत ही बाई काय काय करू शकते याची यादी त्याच्या डोक्यात धावत होती.

"काका, ऐकू येत नाही का?"

त्यानं ठोकळा चाकाखाली सारला. बुटानं ठोकून आत बसवला. पुन्हा एकदा ठोकला. गाडीला हात लावून हलवून पाहिली. हलली नाही.

मग सरळ उभं राहून त्यानं वर पाहिलं. नुसतं पाहिलं.

चौकीच्या खिडकीत तांबडा ठिपका नव्हता. कार्ड त्याच्या खिशात होतं. हे कुणीच टिपलं नाही.